जुन्या गाडीची कॉइल ओहम बघून घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत जुन्या मोटारसायकली जपणाऱ्या माणसांवर लेख आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी तो दोनदा वाचला. बुलेट, येझदी, राजदूत यांच्याविषयी कुणी इतक्या आपुलकीनं लिहिलं की बरं वाटतं. पण लेखाच्या शेवटी एक सल्ला आहे. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा जुना स्विच) काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि सोबत जास्त ताकदीची कॉइल लावा. कॉइल म्हणजे बॅटरीच्या थोड्या व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला ठिणगी देणारा भाग. हे वाचून आमच्या भागातली पाच-दहा पोरं तरी बाजारात जातील आणि त्यातल्या काहींच्या गाड्या पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यात उभ्या राहतील, अशी मला भीती वाटते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल माझी काही तक्रार नाही, माझ्या गाडीलाही तेच आहे. तक्रार आहे ती त्या ‘ताकदीच्या कॉइल’बद्दल, आणि ती मी स्वतः भोगून करतो आहे.

मी जिंतूरला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरण्याचं काम करतो. वडीलही हेच करायचे. 1992 साली त्यांनी बुलेट घेतली ती हौसेसाठी नाही. येलदरी, चारठाणा, बोरी या बाजूच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी दुकानात आणायला आणि भरून झाल्या की परत पोचवायला ती घेतली होती. मागच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळलेला पाच एचपीचा स्टेटर, टाकीवर मी, आणि माझ्या मांडीवर तांब्याच्या तारेचं रीळ, असे आम्ही फिरलो आहोत. वडील गेले, गाडी राहिली. अजूनही महिन्यातून चार-पाच वेळा मी तिच्यावरच शेतकऱ्यांकडे जातो.

दोन वर्षांपूर्वी पॉइंटचा कंटाळा आला म्हणून मी इलेक्ट्रॉनिक किट घेतलं. पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग सरकतं, आणि आमच्याकडची मार्च-एप्रिलची धूळ आत गेली की पॉइंट घासत बसावं लागतं. किट म्हणजे पॉइंटच्या जागी एक छोटा सेन्सर, फिरणाऱ्या शाफ्टवर लोहचुंबक, आणि कॉइलचा करंट तोडायला ट्रान्झिस्टरची एक डबी. बसवलं, गाडी अर्ध्या किकला सुरू झाली. दुकानदार म्हणाला, “भाऊ, किट नवं घेतलं तर जुनी कॉइल कामून ठेवता? ही लाल घ्या, रेसिंगची आहे, दुप्पट करंट देते.” माझी जुनी कॉइल चांगली होती. तरी मी लाल घेतली. किटच्या खोक्यात इंग्रजीतला एक चिटोरा होता, तो मी नीट वाचला नाही.

बुलेटवाल्यांना ठाऊक आहे की हेडलाइटच्या वरच्या कप्प्यात अँपिअरचा काटा असतो. किल्ली लावून किक हळू दाबत गेलं की तो काटा खाली पडतो, परत मधोमध येतो, आणि जुने लोक त्यावरूनच पिस्टन कुठं आहे हे ओळखून मग किक मारतात. माझ्या गाडीचा काटा आयुष्यभर खालच्या बाजूला साधारण निम्म्यापर्यंत जायचा. लाल कॉइल लावल्यापासून तो जवळजवळ टोकाला टेकू लागला. मी रोज पाहत होतो. दुप्पट करंटची कॉइल आहे, तर काटा जास्त पडणारच, असं समजून सोडून दिलं.

मे महिन्यात परभणीला बेअरिंग आणायला गेलो होतो. परत येताना झरीच्या पुढं गाडीनं दोन-तीनदा ठसका मारला आणि गपकन बंद पडली. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्याला लिंबाखाली गाडी लावली, प्लग काढून बघितला तर करंट नाही. अर्धा तास बसलो, पुन्हा किक मारली तर पहिल्याच किकला सुरू. सहा-सात किलोमीटर गेलो, परत तेच. टाकीखाली हात घातला तर कॉइलला हात लावून देईना. बोरीपर्यंत असे चार थांबे झाले. बोरीत पाचव्यांदा बंद पडली ती सुरूच झाली नाही, कारण तोवर डबीतला ट्रान्झिस्टर गेला होता. छोट्या टेम्पोत घालून बुलेट घरी आणली. किटचे साडेपाच हजार गेले, शिवाय कॉइलचे पैसे वेगळे.

घरी आल्यावर मी तो चिटोरा शोधून वाचला. त्यात स्पष्ट छापलं होतं की कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या जाड तारेच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) किमान 3 ओहम हवा. मीटर घेऊन दोन्ही कॉइली मोजल्या. जुनी 3.2 ओहम निघाली, लाल कॉइल दीड ओहम. मग हिशोब अगदी साधा आहे, आठवीच्या पुस्तकातला. गाडी चालू असताना चार्जिंगवर 14 व्होल्ट असतात. 14 भागिले 3 केले तर पावणेपाच अँपिअर येतात. 14 भागिले दीड केले तर सव्वानऊ. ट्रान्झिस्टरची डबी 5 अँपिअरची होती. करंट चालू असेल तेवढा वेळ तीन ओहमच्या कॉइलमध्ये 65 वॅट उष्णता तयार होते, दीड ओहमच्या कॉइलमध्ये 130. माझ्या बुलेटचा हेडलाइट 35 वॅटचा आहे. म्हणजे टाकीखाली, हवा लागत नाही अशा जागी, मी चार हेडलाइटांएवढी उष्णता कोंडून ठेवली होती, आणि वर 43 डिग्रीचं ऊन.

लाल कॉइल मी हॅक्सॉनं उभी कापली. आतल्या तांब्याचं वॉर्निश काळं पडलं होतं आणि जळक्या वॉर्निशचा तो वास आला जो मला लहानपणापासून नाकात बसलेला आहे. पुरेसं व्होल्टेज नसलेल्या लाइनवर रात्रभर चालवलेल्या मोटरीचा हाच वास असतो. बाहेरच्या कवचाला वायर निघते तिथं बारीक भेग गेली होती. कॉइल गरम झाली की भेग उघडायची, करंट बाहेर सुटायचा. थंड झाली की मिटायची. म्हणून अर्ध्या तासानं गाडी चालू व्हायची.

आता ‘ताकद’ म्हणजे काय ते सांगतो, कारण घोटाळा सगळा या शब्दात आहे.

गावची डीपी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती 11,000 व्होल्टचे 440 करते. गाडीच्या कॉइलमध्येही लोखंडाच्या गाभ्यावर दोन वाइंडिंग असतात, एक जाड तारेचं थोड्या फेऱ्यांचं, दुसरं केसासारख्या तारेचं हजारो फेऱ्यांचं. फरक असा की डीपीला एसी मिळतो, कॉइलला बॅटरीचा डीसी. डीसीनं दुसऱ्या बाजूला काही उमटत नाही. म्हणून आधी जाड वाइंडिंगमध्ये करंट सोडून लोहचुंबकत्व भरायचं आणि मग तो करंट एकदम तोडायचा. तोडला की ते चुंबकत्व कोसळतं आणि बारीक वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट उठतात. फॅरडेनं 1831 साली दाखवलेली गोष्ट आहे ही. पॉइंट आणि कंडेन्सर हे तोडण्याचं काम करायचे, आता ट्रान्झिस्टर करतो. कॉइल भरायचं काम तेच राहिलं.

कमी ओहमची कॉइल लवकर भरते, एवढाच तिचा गुण. ज्या इंजिनात ठिणग्यांच्या मध्ये वेळच नसतो, त्याला तिचा उपयोग. बुलेटला दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. 3000 आरपीएमवर सेकंदाला 25 ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये 40 मिलिसेकंद. तीन ओहमची साधी कॉइल भरायला 10 मिलिसेकंद भरपूर झाले. उरलेला वेळ करंट नुसता वाहतो आणि कॉइल तापवतो. दुप्पट करंट ओतून मिळवायचं काय?

खोक्यावर चाळीस हजार व्होल्ट लिहिलेलं असतं त्यालाही लोक भुलतात. ठिणगीला प्लगचा गॅप ओलांडायला जेवढे व्होल्ट लागतात तेवढ्यावरच ती पडते, कॉइल त्याच्यापुढं चढत नाही. जुन्या 350 बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहास एक, म्हणजे आजच्या गाड्यांच्या मानानं बरंच कमी. गॅप ठीक ठेवला तर तिला दहा-बारा हजार व्होल्टमध्ये भागतं. बाकीचे अठ्ठावीस हजार नुसते खोक्यावरच राहतात.

दुसरा घोटाळा याहून वाईट आहे, तो सीडीआयचा, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनचा. 1985 सालच्या आरएक्स 100 पासून आपल्याकडच्या बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना सीडीआय आलं. त्यात कॉइल भरायचीच नसते. डबीतला कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टला भरतो आणि तो एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो. म्हणून सीडीआयच्या कॉइलचा प्रायमरी एक ओहमपेक्षाही कमी असतो. तिच्या जागी ती अगदी बरोबर आहे. पण ती बॅटरी आणि ट्रान्झिस्टरच्या किटला जोडली की समजा अर्ध्या ओहममधून 24 अँपिअर ओढायला बघते. बाहेरून दोन्ही कॉइली सारख्या दिसतात. दोन पिना, एक काळी वायर. मेकॅनिकच्या खोक्यात दोन्ही एकत्र पडलेल्या असतात.

यातूनच झालेलं एक सांगतो, ज्याचं मला माझ्या साडेपाच हजारांपेक्षा जास्त वाईट वाटतं. सेलूकडच्या एका गावातला कॉलेजचा पोरगा माझ्याकडे आला होता, आजोबांची येझदी रोडकिंग घेऊन. आजोबांनी तिच्यावर दुधाचे कॅन वाहिले होते. पोरानं स्वतः कापूस वेचणीला जाऊन पैसे जमवले, गाडी सहा व्होल्टची बारा व्होल्ट केली आणि पॉइंटच्या जागी सेन्सरचं किट बसवलं. मेकॅनिकनं कॉइल लावली सीडीआयची, कारण ती हाताशी होती आणि तिला पैसे कमी पडत होते. पहिली डबी आठ दिवसांत जळाली. त्यानं दुसरी आणली, ती तीन दिवसांत. मेकॅनिकनं सांगितलं, ‘ही गाडीच इलेक्ट्रॉनिकला चालत नाही.’ माझ्याकडे तो आला ते मोटर भरायला आला होता, बोलता बोलता गाडीचं निघालं. मी म्हटलं, “बाळा, उद्या गाडी घेऊन ये, कॉइल मोजू.” तो म्हणाला, “काका, काल भंगारवाल्याला वजनावर दिली.” मैसूरची आयडियल जावा कंपनी 1996 साली बंद पडली. त्या कारखान्यातून आता दुसरी रोडकिंग निघणार नाही. एक मीटर लावला असता तर ती गाडी आज त्याच्या दारात असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कॉइल विकत घेताना रंग, कंपनी, रेसिंग हे शब्द बाजूला ठेवून पहिला प्रश्न ओहमचा विचारा. किटवाल्यानं चिटोऱ्यावर किती ओहम लिहिलेत ते आधी वाचा, इंग्रजी येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. तेवढ्याच किंवा थोड्या जास्त ओहमची कॉइल घ्या. कमी नको. पॉइंटवर चालणारी बारा व्होल्टची जुनी कॉइल साधारण तीन ते साडेचार ओहमची असते आणि बहुतेक ट्रान्झिस्टर किटला तीच चालते. म्हणजे अनेकांना नवी कॉइल घ्यायची गरजच नाही. सहा व्होल्टची कॉइल मात्र दीड-दोन ओहमची असते, ती एकटी बारा व्होल्टवर लावू नका. ट्रायम्फ, बीएसए या दोन सिलिंडरच्या ब्रिटिश गाड्यांवर जाणकार लोक सहा व्होल्टच्या दोन कॉइली एकामागे एक, सिरीजमध्ये जोडतात, त्यानं ओहमची बेरीज होते. त्याच दोन शेजारी शेजारी पॅरलल जोडल्या तर ओहम निम्मे होतात. आपल्याकडे राजदूत 350 ही दोन सिलिंडरची गाडी असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मोजणं अवघड नाही. साध्या डिजिटल मीटरची फिरकी 200 ओहमवर ठेवायची. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघायचं, वायरींचेच 0.3-0.4 ओहम येतात, ते नंतर वजा करायचे. एवढ्या छोट्या मापात हा फरक मोठा असतो. कॉइलच्या दोन्ही वायरी काढून मगच दोन पिनांवर मोजायचं. आणि कॉइल थंड असताना मोजायचं. तांबं तापलं की दर डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स शेकडा 0.4 च्या आसपास वाढतो. पन्नास डिग्रीनं तापलेली तीन ओहमची कॉइल 3.6 दाखवते. उन्हात उभ्या गाडीची तापलेली कमी ओहमची कॉइल मोजून कुणी ‘बरोबर आहे’ म्हणून जाईल. मी सकाळी दुकान उघडताना मोजतो. प्लगकडं जाणाऱ्या जाड वायरीकडून सेकंडरी, म्हणजे बारीक तारेचं वाइंडिंग मोजायचं असेल तर प्लगची टोपी काढून मोजा, कारण चांगल्या टोपीत स्वतःचाच 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो.

ही टोपीही महत्त्वाची. पॉइंटच्या काळात बिनरेझिस्टरची टोपी चालायची. ठिणगीचा जो गोंगाट वायरीतून पसरतो त्यानं पॉइंटला काही होत नव्हतं, फार तर शेजारच्या घरातला रेडिओ खरखरायचा. ट्रान्झिस्टरची डबी मात्र त्या गोंगाटानं गोंधळते आणि नको त्या वेळी ठिणगी पाडते. रेझिस्टरची टोपी टाळू नका. आणि इंजिन बंद करून गप्पा मारताना किल्ली चालू ठेवू नका. काही किटमध्ये तेवढा वेळ कॉइलमधून अखंड करंट वाहतो. चहा पिऊन होईपर्यंत ती भाजून निघते.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, पुढच्या रविवारी त्याच पानावर ओहमची ही गोष्ट चौकटीत छापावी, माझ्या नावाची गरज नाही. दुसरी विनंती आपल्या मार्फत परभणी, जालना, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या पार्ट विकणाऱ्यांना आहे. मोंढ्यातला बियाणाचा दुकानदार पिशवीवरची उगवणशक्ती वाचून दाखवतो, शेतकरी ती मागतोच. तसं कॉइल विकताना काउंटरवर मीटर लावून आकडा खोक्यावर पेननं लिहून द्या. अर्धा मिनिट लागतो. आणि आयटीआयला शिकवणाऱ्या गुरुजनांनी मोटारसायकलच्या पोरांना पहिल्या महिन्यात पाच वेगवेगळ्या कॉइली टेबलावर टाकून मोजायला लावाव्यात. आमच्या रिवाइंडिंगच्या धंद्यात पोरगं पहिलं मीटर धरायला शिकतं, तार नंतर.

माझ्या बुलेटवर आता जुनीच 3.2 ओहमची कॉइल आहे, दुसरी डबी बसवली आहे, रेझिस्टरची टोपी आहे. अँपिअरचा काटा पुन्हा निम्म्यावर येऊन थांबतो. गेल्या मे महिन्यात याच रस्त्यानं भर दुपारी तिच्यावरून परभणीला जाऊन आलो. जिंतूरला कुणी जुन्या गाडीची कॉइल घेऊन आलं तर मोजून देण्याचे मी पैसे घेत नाही. कापलेली लाल कॉइल दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे, तीही दाखवतो.

आपला,
एक मोटर रिवाइंडिंग कारागीर,
जिंतूर, जि. परभणी